शब्द आधी, पाऊल मागाहून

या वेळच्या टपालात हवाईच्या हुला नृत्यावर आणि त्याच्या गाण्यांवर गोव्यातून बरेच प्रश्न आले आहेत. जागा मर्यादित असल्याने सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या बारा मुली हुला करणार आहेत. ‘होओकेना’ या हवाईयन गटाची गाणी त्यासाठी चांगली, असं ऐकलं. हा गट कोणता? त्यांच्या गाण्यांवर इतके लोक का नाचतात? आणि गाणं निवडताना काय बघावं?
— संगीत शिक्षिका, फोंडा

उत्तर: होओकेना हा १९८६ साली सुरू झालेला गट. ‘थर्स्ट क्वेंचर’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९० साली आला. होरेस डुडॉइट, मनू बॉइड आणि क्रिस कामाका ही त्यातली ठळक नावं. गाणी हवाईयन भाषेत, तीन-चार गळे स्वरमेळात गाणारे, साथीला गिटार, उकुलेले हे चार तारांचं छोटं वाद्य आणि बेस. मनू बॉइड गीतं लिहितात आणि स्वतः कुमु हुला, म्हणजे हुलाचे गुरू आहेत. कामाकांच्या घरात १९१६ पासून उकुलेले बनतात. नाचणाऱ्याला कुठे श्वास हवा, कुठे वळायला वेळ हवा, हे या मंडळींना शिकवावं लागत नाही. त्यांची गाणी हुलाच्या वर्गांत इतकी रुळण्याचं मोठं कारण हेच. असा हा एकटाच गट नव्हे. रॉबर्ट आणि रोलंड या कॅझिमेरो बंधूंपैकी रॉबर्ट यांनी १९७५ साली फक्त पुरुषांची हुला शाळा काढली, आणि तिच्या नाचामागे बंधूंचंच संगीत असे.

हिलो गावात ईस्टरच्या आठवड्यात ‘मेरी मोनार्क’ महोत्सव होतो. त्यात १९७१ पासून हुलाच्या स्पर्धा होतात. तिथे आधुनिक हुलाला रंगमंचावर बसलेले गायक-वादकच साथ करतात. पाठीमागचा गट कच्चा असेल तर नाचही कोसळतो, म्हणून हवाईत गटाची पारख ‘यांच्या गाण्यावर नाचता येतं का’ यावरही होते.

आता निवडीचं. हुलात हात शब्द सांगतात, पाय ठेका धरतात. शब्द कळल्याशिवाय हात हलवले तर ती कवायत होते. त्यामुळे नुसत्या चालीवर भाळून गाणं घेऊ नका. गाण्यांचे प्रकार असतात: ‘मेले पाना’ एखाद्या गावाचं, डोंगराचं, किनाऱ्याचं वर्णन करतं, ‘मेले इनोआ’ एखाद्या राजा-राणीचा वा व्यक्तीचा गौरव करतं, ‘मेले होओइपोइपो’ हे प्रेमगीत. हवाईयन काव्यात फूल, पाऊस, दव यांच्या आड दुसराच अर्थ ठेवलेला असतो, आणि फुलाचं म्हणून घेतलेलं गाणं पुष्कळदा शृंगाराचं निघतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसाठी मेले पाना घ्या. अल्बमच्या पुस्तिकेत शब्द आणि इंग्रजी अर्थ छापलेले असतील तर ते आधी वाचा. अर्थ मिळत नसेल तर ते गाणं सोडून द्या.

कडवी चार किंवा पाच असावीत, प्रत्येक दोन ओळींचं, आणि प्रत्येक कडवं दोनदा गायलेलं. ही पुनरावृत्ती नाचणाऱ्यांसाठी असते: पहिल्यांदा हावभाव एका बाजूने, दुसऱ्यांदा बहुधा दुसऱ्या बाजूने. शेवटचं कडवं ‘हाइना’ या शब्दाने सुरू होतं. ते ऐकलं की गाणं संपत आलं हे सगळ्यांना कळतं. लांबी तीन ते चार मिनिटं पुरे. मधे दीड मिनिट नुसती गिटार वाजणारं गाणं ऐकायला सुंदर असतं, पण नवशिक्या मुली तिथे हातांचं काय करावं ते न कळून उभ्या राहतात.

पहिला आठवडा मुलींना खाली बसवून फक्त शब्द पाठ करून घ्या, अर्थासकट. मग बसूनच हात. पाय तिसऱ्या आठवड्यात. पायांत तीनच गोष्टी पुरतात. काहोलो: उजवा पाय बाजूला, डावा जवळ, उजवा बाजूला, डावा जवळ टेकवायचा, अशा चार मात्रा, मग तेच डावीकडे. हेला: गुडघे वाकलेले ठेवून एक पाय तिरका पुढे टेकवून परत घ्यायचा. आमी: कंबरेचं वर्तुळ. आपल्या मुली कंबर मुद्दाम हलवतात, कारण सिनेमातल्या नाचाची सवय असते. हुलात कंबर गुडघ्यांमुळे हलते. गुडघे वाकवलेले ठेवले आणि वजन पूर्णपणे एका पायावरून दुसऱ्यावर नेलं की ती आपोआप झुलते, खांदे मात्र स्थिर राहतात. गुडघे ताठ झाले की सगळा नाच वर-खाली उड्या मारल्यासारखा दिसतो. नजर हातामागे जायला हवी. प्रेक्षकांतल्या आईकडे बघत राहिलेली मुलगी लगेच उठून दिसते.

आणखी एक, आणि हे आम्ही आग्रहाने सांगतो: ‘हुला काहिको’ हा प्राचीन, मंत्रपठणावरचा प्रकार संमेलनासाठी घेऊ नका. त्यातले कितीतरी मंत्र पेले आणि लाका या देवतांचे आहेत. १८३० साली काआहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी आणली, आणि ती कला पुन्हा सन्मानाने समोर आली ती कालाकाउआ राजाच्या १८८३ च्या राज्याभिषेकात. इतक्या कष्टाने जपलेली गोष्ट व्हिडिओवरून उचलणं बरं नव्हे. गिटार-उकुलेलेवरचा ‘हुला आउआना’ घ्या, आणि कुणा गुरूने बसवलेला नाच जसाच्या तसा न उतरवता साध्या पावलांवर आपला बसवा.

प्रश्न: आम्ही तिघे मित्र उकुलेले, गिटार आणि बेसवर हवाईयन गाणी वाजवतो. नुसतं वाजवताना छान जमतं, पण नाचणाऱ्या आल्या की त्या आमच्या मागे पडतात. चूक कुणाची?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, म्हापसा

उत्तर: बहुतेक वेळा वादकांची, आणि ती दोन कडव्यांच्या मधल्या जागेत होते.

तिथे एक ठरावीक तुकडा वाजतो, त्याला व्हॅम्प म्हणतात. सी पट्टीत तो या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा) असतो: डी सेव्हन दोन मात्रा, जी सेव्हन दोन मात्रा, सी चार मात्रा. एकूण आठ. नाचणारी त्या आठ मात्रांत एक काहोलो उजवीकडे, एक डावीकडे करते आणि पुढच्या कडव्याला तयार होते. सुरुवातीला व्हॅम्प दोनदा वाजवा. मधे एकदा वाजवायचा की दोनदा, ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तुमच्यासारखे गट गाणं ‘रंगात आणण्यासाठी’ एके ठिकाणी व्हॅम्प वाढवतात, दुसरीकडे गाळतात, आणि तिथेच पाय चुकतात.

दुसरा दोष लयीचा. व्हॅम्पमधे गाणं नसतं, म्हणून हात मोकळा सुटतो आणि लय चढते. पाचव्या कडव्यापर्यंत गाणं सुरुवातीपेक्षा बरंच जलद झालेलं असतं. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ९० वर ठेवून नुसता व्हॅम्प दहा मिनिटं वाजवा, मग पूर्ण गाणं. मुली तयार झाल्या की १०० ते ११० पर्यंत न्या. लय बेसने सांभाळायची; उकुलेलेने त्याच्या मागून चालायचं.

उकुलेलेवरची बोटं, तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा धरून: सी साठी फक्त ए तारेवर तिसरा फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्टीचं घर). एफ साठी जी तारेवर दुसरा आणि ई तारेवर पहिला. जी सेव्हनसाठी सी तारेवर दुसरा, ई तारेवर पहिला, ए तारेवर दुसरा. डी सेव्हनचा हवाईयन आकार घ्या: जी तारेवर दुसरा, ई तारेवर दुसरा, बाकी दोन मोकळ्या. त्यात मूळ डी स्वर येत नाही, तो बेस देतो. पण आकार सोपा असल्यामुळे दोन मात्रांत बोटं बदलता येतात. चारही तारा दाबणाऱ्या डी सेव्हनवर अडणारी बोटं हेही उशिराचं एक कारण असतं.

तिसरी गोष्ट ‘काहेआ’. पुढच्या कडव्याचे पहिले शब्द नाचणाऱ्यांपैकी कुणीतरी किंवा गुरू व्हॅम्पच्या शेवटी मोठ्याने पुकारतात. ते काम एकीवर सोपवा. पुकारा व्हॅम्पच्या शेवटच्या चार मात्रांत, म्हणजे सी वाजत असताना, पूर्ण व्हायला हवा. तो आला नाही तर गायक आणि नर्तिका वेगवेगळ्या कडव्यांत जाण्याचा धोका असतो. हाइनाचं कडवं दोनदा झाल्यावर त्याची शेवटची ओळ बहुतेकदा तिसऱ्यांदा म्हणतात. ती म्हणणार का, हेही नाचणाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर त्या नमस्काराला वाकलेल्या असतात आणि तुम्ही गातच असता.

गोव्याच्या पावसाळ्याविषयी दोन शब्द. तुमचं उकुलेले पूर्ण लाकडी असेल तर जुलैत वरची फळी फुगते, तारा फ्रेटपासून उंच होतात आणि वरचे स्वर बेसूर वाटतात. ते पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पंधरा दिवसांनी सुकवा. पेटीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहावी. उघड्यावर, भिंतीला टांगून ठेवायचं असेल तर प्लायचं उकुलेले घ्या. आवाज थोडा कोता, पण फुगत नाही. नायलॉनच्या तारा गंजत नाहीत, फ्रेट मात्र खाऱ्या हवेने हिरवट होतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

जाता जाता, उकुलेलेचं मूळ पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या माशेत या छोट्या वाद्यात आहे. १८७९ च्या ऑगस्टमधे ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेइराचे मजूर होनोलुलूला उतरले. त्यांत मानुएल नुनेस, ऑगुश्तो दियास आणि जुझे दो इश्पिरितु सांतु हे तिघे सुतार होते. त्यांनीच पहिली उकुलेले घडवली. त्या वेळी गोव्यावरही त्याच पोर्तुगालची सत्ता होती.

प्रश्न: मी नाट्यसंगीत शिकते. एका गटासाठी हवाईयन गाणं गायचं आहे. शब्द देवनागरीत लिहून घेतले, पण ऐकणाऱ्यांनी उच्चार चुकतात असं सांगितलं. कसे लिहावेत?
— साखळी

उत्तर: हवाईयन लिपीत तेराच अक्षरं: पाच स्वर आणि आठ व्यंजनं. आकडा लहान असल्याने सोपं वाटतं, पण मराठी डोळा तीन ठिकाणी फसतो.

पहिलं, शेवटचा अ. मराठीत आपण ‘गड’ लिहितो आणि ड हलन्त म्हणतो. हवाईयनमधे प्रत्येक अक्षर स्वरानेच संपतं, एकही व्यंजन लंगडं राहत नाही. म्हणून ऱ्हस्व अ सुद्धा काना देऊन लिहा: ‘आलोहा’. दीर्घ आ असेल तिथे कान्यापुढे अवग्रह लावा: ‘हाऽलाउ’ (हुलाची शाळा). असं केलं तर ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही राहतो आणि अक्षर गळत नाही.

दुसरं, ओकिना. हा गळ्यातला क्षणभराचा अडथळा आहे आणि तो पूर्ण व्यंजन मानला जातो. देवनागरीत त्याला वरचं स्वल्पविराम चिन्ह द्या. पाउ म्हणजे संपलं, पा’उ म्हणजे काजळी, पा’ऊ म्हणजे ओलसर, पाऽ’ऊ म्हणजे नाचाचा घागरा. चारांत अडथळा आणि लांबी एवढाच फरक आहे. नाट्यसंगीताची सवय इथे आड येते: आपण दोन स्वर मींडेने जोडतो, आणि मींड ओकिना गिळून टाकते. जिथे चिन्ह आहे तिथे आवाज खरोखर तोडा, मग पुढचा स्वर नव्याने लावा. तानही घेऊ नका. एका अक्षरावर सहा स्वर फिरवले की नाचणारीचा हात पुढच्या शब्दाची वाट बघत हवेत लटकतो.

तिसरं, जोडस्वर. आए आणि आइ, आओ आणि आउ हे वेगळे आहेत. ऐ आणि औ लिहिलंत की दोन्ही एक होतात. ‘माए’ म्हणजे कोमेजणं, ‘माइ’ म्हणजे इकडे. सुटे लिहा. क आणि प आपल्यासारखेच, महाप्राण नाहीत, इथे मराठी गळा इंग्रजी गळ्यापेक्षा सरस ठरतो. डब्ल्यू हे अक्षर इ किंवा ए नंतर व्ह सारखं, उ किंवा ओ नंतर ओठ गोल करून व सारखं म्हणा.

हवाईच्या शाळांमधून या भाषेतलं शिक्षण १८९६ च्या कायद्याने बंद झालं होतं, आणि १९७८ साली ती राज्यभाषा झाली. मधल्या ऐंशी वर्षांत भाषा टिकवण्यात गाण्यांचा मोठा वाटा आहे. उच्चारासाठी घेतलेले कष्ट म्हणूनच वाया जात नाहीत.

प्रश्न: घरात आजोबांची हवायन गिटार आहे. तिच्यावर ते भावगीतं वाजवत. आता हुलाच्या गाण्यांना साथ करता येईल का? इंटरनेटवर सी सिक्स्थ ट्यूनिंग लावायला सांगतात.
— मडगाव

उत्तर: येईल, पण ट्यूनिंगची घाई करू नका. सहा तारांचं सी सिक्स्थ जाड तारेकडून बारीककडे सी, ई, जी, ए, सी, ई असं असतं. साध्या गिटारच्या तारा त्यावर नेल्या तर सहावी आठ अर्धस्वर आणि पाचवी सात अर्धस्वर वर ओढावी लागते. तारा तुटतील, किंवा त्याआधी घोडी उखडेल. लाकूड जुनं आहे, सरसही जुना. सी सिक्स्थसाठी वेगळ्या जाडीचा तारांचा संच मिळतो तोच लावा. नाहीतर आजोबांचंच मोकळ्या तारांवर मेजर वाजणारं ट्यूनिंग ठेवा, साध्या गाण्यांना ते पुरतं.

साथीचा नियम एकच: गळा चालू असताना गप्प राहा. स्टील गिटार, म्हणजे तुमची ही हवायन गिटार, ओळीच्या शेवटी, श्वासाच्या जागेत आणि व्हॅम्पमधे बोलते. भावगीतात आपण गाण्याची चालच वाजवतो, ती सवय इथे मोडावी लागेल. लोखंडी कांब फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर धरा, फ्रेटच्या मधे नव्हे, आणि कांबेच्या मागे उरलेली बोटं तारांवर हलकी टेकवा म्हणजे खरखर थांबते.

हे वाद्य जोसेफ केकुकू या हवाईच्या मुलाने १९ व्या शतकाच्या शेवटी घडवलं. भारतात ते रुजण्यात ताउ मो यांच्या कुटुंबाचा मोठा हात आहे. १९४० च्या दशकात हे कलावंत कोलकात्यात राहत होते. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी तीच गिटार रागसंगीतात आणली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममधे शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांसोबत ती ऐकू येते.

हवाईयन गटांत ऐकू येणारी दुसरी गिटार ‘स्लॅक की’, ती मांडीवर आडवी ठेवत नाहीत. तिचं सर्वांत रूढ ट्यूनिंग नेहमीच्या गिटारवर तीन तारा सैल करून मिळतं: सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी. तारा सैल होत असल्याने वाद्याला धोका नाही.

प्रश्न: हुलातलं इपू हे भोपळ्याचं वाद्य आपल्याकडच्या तुंब्याचं बनेल का?
— सांगे

उत्तर: बनेल, कारण वनस्पती एकच आहे. तंबोऱ्याचा तुंबा आणि इपू दोन्ही दुधीच्या जातीचे. बाजारातला खायचा कोवळा दुधी मात्र चालत नाही, त्याची साल सुकल्यावर कागदासारखी होते. जाड सालीची कडू जात हवी, जी मिरजेचे वाद्य कारागीर वापरतात. ती खाऊ नका, कडू दुधी विषारी असतो.

वेल वायंगणात लावा, म्हणजे फळ उन्हाळ्यात पिकेल. देठ तपकिरी होईपर्यंत फळ वेलावरच ठेवा. काढल्यावर सावलीत, हवेशीर जागी, जमिनीला न टेकवता सुकवा. हलवल्यावर बिया खुळखुळल्या की तयार. याला काही आठवडे ते काही महिने लागतात. जमिनीवर ठेवलेल्या फळाला खालून बुरशी येते आणि तिथे आवाज कायमचा मेलेला राहतो. मानेपाशी करवतीने कापा, आत पाणी भरून तीन-चार दिवस ठेवा, गर सुटला की चमच्याने खरवडा. कोरडा गर खरवडताना उडणारी धूळ छातीला वाईट, नाका-तोंडावर मास्क हवाच. भिंत पाऊण ते एक सेंटीमीटर राहू द्या. त्याहून पातळ केली तर चटईवर आपटताना तडा जातो.

‘इपू हेके’ दोन भोपळ्यांचं असतं, उंच खाली आणि गोल वर, एकूण उंची दीड ते दोन फूट. दोन्ही तोंडं काचकागदावर घासून अशी बसवा की मधून उजेड दिसणार नाही. जुन्या काळी नीरफणसाच्या चिकाने जोडत. गोव्यात नीरफणस घरोघरी आहे, पण आपल्या दमट हवेत इपॉक्सी जास्त भरवशाचं. वाजवताना तळ जाड चटईवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर आपटायचा आणि बोटांनी अंगावर थाप द्यायची. उघड्या फरशीवर कधीच नाही. होओकेनासारख्या गटांच्या गिटारवरच्या गाण्यांना इपूची गरज नसते, त्याची खरी जागा मंत्रपठणात आहे.

प्रश्न: मुलींचे कपडे शिवायला माझ्याकडे आले आहेत. प्लास्टिकचे गवती घागरे चालतील का?
— शिवणकाम करणारी वाचक, पेडणे

उत्तर: नको. ते पर्यटकांसाठीचं सोंग आहे, आणि त्याच्या सळसळीत पावलंही दिसत नाहीत. साधा सुती पाऽ’ऊ शिवा. प्रत्येकीला ४४-४५ इंच पन्ह्याचं सुमारे साडेतीन मीटर कापड. कापड आडवं धरायचं, म्हणजे पन्हा ही घागऱ्याची उंची होते. एकच शिवण घालून नळी करा, खालचा काठ पोटरीच्या मध्यावर येईल इतकं कापून दुमडा. वर एकाखाली एक तीन किंवा चार नेफे, प्रत्येकी एक इंचाचे, त्यात पाऊण इंची इलॅस्टिक. वरचं इलॅस्टिक कंबरेपेक्षा दोन इंच कमी, खालची नितंबाच्या मापाने थोडी थोडी वाढवत न्या. सगळी एकाच मापाची घातली तर खालचे नेफे वर सरकतात आणि घागरा कंबरेशी गोळा होतो. जॉर्जेट टाळा, चुण्या उभ्या राहत नाहीत.

गळ्यातल्या हारासाठी चाफा उत्तम: साधारण ५० फुलं, लांबी ४० इंच. फुलं सकाळी वेचा, देठाचा चीक निथळू द्या, मग ओवा. चीक त्वचेला चावतो. डिसेंबर-जानेवारीत पानगळ झालेल्या चाफ्याला फुलं कमीच, तेव्हा शेवंती किंवा आबोली घ्या. कार्यक्रमानंतर हार कचऱ्यात टाकायचा नाही: दोरा कापून फुलं झाडाच्या मुळाशी ठेवतात. गरोदर पाहुणीला हार घालायचा असेल तर तो टोकं न जोडता, उघडाच घालतात.

प्रश्न: हॉटेलात कार्यक्रम आहे. गटाचं ध्वनिमुद्रित गाणं लावलं तर परवाना लागतो का?
— कलंगुट

उत्तर: लागतो, आणि हक्क दोन आहेत: ध्वनिमुद्रणाचा एक, शब्द आणि चालीचा दुसरा. भारतात पहिल्याचे परवाने पीपीएल (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड), दुसऱ्याचे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) देते. पण परदेशी गटाचं नेमकं तेच गाणं त्यांच्या यादीत आहे का, हे दोघांकडून लेखी विचारून घ्या. नसेल तर गटाच्या कंपनीला पत्र लिहा. हॉटेलकडे आधीच परवाना आहे, असं तोंडी सांगितलं तर त्याची प्रत मागा आणि त्यावरची तारीख व जागेचं नाव तपासा. स्वतः गाऊन-वाजवून केलंत तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येत नाही, शब्द-चालीचा राहतोच.